जावईबापूंचं फिकं बटण

ऑफिसात तिला सगळे नापासबाई म्हणायचे, आणि तेही तोंडावर. वेबसाइट लोकांच्या हाती जाण्याआधी तिच्यावरची अक्षरं म्हाताऱ्यांना, अधू नजरेच्या माणसांना, भर उन्हात मोबाइल धरून उभ्या असलेल्यांना वाचता येतात का, हे तपासणं तिचं काम. अक्षरांचा रंग उचलायचा, मागचा रंग उचलायचा. दोघांत किती फरक आहे ते कॉम्प्युटर आकड्यात सांगतो. साडेचार किंवा वर असेल तर पास, नाहीतर नापास. या कामाने तिची नजर पार नासून गेली होती. नवी साडी नेसून कुणी समोर आलं, तरी ती काठ आणि पदर यांच्यातला फरक मनातल्या मनात मोजायची आणि कौतुक करायचं राहून जायचं.

तिची खरी गाठ होती जावईबापूंशी. जावईबापू म्हणजे मालकीणबाईंचे जावई आणि कंपनीचे डिझायनर. आधी जावई, मग डिझायनर. गडद रंगाचं त्यांना वावडं. पांढऱ्यावर फिकट करडं, फिकट करड्यावर आणखी फिकट करडं, आणि प्रत्येक फिकेपणाला एक नाव. ‘पहाटेचं धुकं.’ ‘मोत्याचा उसासा.’ नावं ऐकूनच गिऱ्हाईक हरखायचं. अक्षरं दिसली नाहीत तरी आपल्यालाच अभिरुची कमी, असं समजून गप्प बसायचं.

गावातल्या पोहण्याच्या तलावाची साइट कंपनीकडे आली, तेव्हा ‘जागा राखा’ हे बटण जावईबापूंनी थेट मोत्याच्या उसाशातच बुडवलं. फरक आला एक पूर्णांक नऊ दशांश. नापासबाईने नापास केलं.

पण नियमात एक पळवाट आहे. जे बटण बंद आहे, दाबून काही होणारच नाही, त्याला फिकं राहायची मुभा असते. जावईबापूंनी ती बरोबर हेरली आणि खुलासा ठोकून दिला: ‘सदर बटण निष्क्रिय आहे.’ पोहणाऱ्याने वेळ निवडली की ते बटण चालू होतं, आणि चालू झाल्यावरही रंग तोच राहतो, एवढं लिहायचं ते सोयीस्कर विसरले.

“अहो बाई, चालू बटण आहे ते,” ती मालकीणबाईंना म्हणाली.

“अगं, त्यांनी लेखी दिलंय ना? मग कशाला नाकाने कांदे सोलतेस?” मालकीणबाई म्हणाल्या, आणि साइट चाचणीसाठी सुरू झाली. नापासबाई हात चोळत बसली.

घरी ती आणि आत्या, दोघीच. आत्याचे गुडघे कुरकुरायला लागल्यापासून डॉक्टरांनी तिला पाण्यात चालायला सांगितलं होतं. तिथे जाऊन ही बया चक्क पोहायला शिकली. रोज सकाळी जायची, येताना कुणाची तरी टिंगल घेऊन यायची, आणि बाल्कनीच्या दोरीवर आपला जांभळा स्विमसूट झेंड्यासारखा लावायची. पाण्यात उतरलं की मला गुडघे आहेत हेच आठवत नाही, असं ती सांगायची. जमिनीवर आली की मात्र ते आठवायचेच.

एका सकाळी दोरीवरचे कपडे काढताना नापासबाईचा हात त्या स्विमसूटला लागला. ओला होता, टपटपत होता, पण त्याला वास येत होता आंघोळीच्या साबणाचा. तलावाच्या पाण्यातल्या औषधाचा उग्र वास, जो एरवी आत्याच्या केसांतून, टॉवेलातून, अगदी पिशवीतूनही जायचा नाही, तो कुठेच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती गुपचूप आत्याच्या मागे गेली. आत्या तलावापर्यंत गेली आणि बाहेरच थांबली. कुंपणाशी बाकावर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि गजांतून आतली माणसं पोहताना बघत राहिली. मग उठली, लंगडत घरी आली आणि थेट न्हाणीघरात शिरली. नळ सुरू झाला. थोड्या वेळाने भिजवलेला स्विमसूट दोरीवर झळकला.

“कसं होतं आज पाणी?” भाचीने विचारलं.

“गार!” आत्या म्हणाली. “नळाला... तळाला तर फारच गार.”

आत्या पडायला गेली तेव्हा भाचीने तिचा मोबाइल उघडला. तलावाची साइट उघडीच होती, वेळ निवडलेली होती. खाली बटणाच्या जागी, आत्याच्या चष्म्यातून पाहिलं तर, कोरा पांढरा पडदा होता. तलावावर आता साइटवरून जागा राखल्याशिवाय कुणाला आत घेत नव्हते. नापासबाईला रडू आलं, आणि पाठोपाठ राग आला. रडण्यापेक्षा राग कामाचा, म्हणून तिने तोच ठेवला.

ऑफिसात जाऊन तिने नवा दोष नोंदवला: ‘डिझायनरच्या लेखी खुलाशानुसार “जागा राखा” हे बटण निष्क्रिय आहे. प्रत्यक्षात दाबल्यावर ते चालतं. दोष गंभीर. दुरुस्त करावा.’ मालकीणबाईंनी न वाचता मंजुरी दिली. प्रोग्रामर सरळमार्गी माणूस. लिहिलंय ते करायचं, विचार करायचा पगार वेगळा, असं त्याचं मत. त्याने बटण बंद करून टाकलं.

त्याच दुपारी चाचणी संपली आणि तलावाचे व्यवस्थापक साइट रीतसर ताब्यात घ्यायला आले. भिंतीवर मोठा पडदा. जावईबापूंनी बाह्या सरसावल्या, वेळ निवडली आणि नेमक्या जागी टिचकी मारली. काही झालं नाही. पुन्हा मारली. मग इतक्यांदा मारली की व्यवस्थापकांनी चहाचा कप खाली ठेवला.

“का हो, चालत नाही?” मालकीणबाईंनी विचारलं.

“चालणार कसं?” नापासबाई शक्य तितक्या गरीब चेहऱ्याने म्हणाली. “जावईबापूंनीच लिहून दिलंय की, बटण निष्क्रिय आहे.”

“मग लोकांनी जागा राखायची कशी?” व्यवस्थापक म्हणाले.

“बटण चालू करता येईल. पण चालू बटणाला हा रंग चालत नाही. रंग ठेवायचा की बटण, तेवढं सांगा.”

मालकीणबाई उठल्या, चष्मा शोधला, सापडला नाही, तशाच पडद्यापाशी गेल्या. पडद्याला नाक लागेस्तोवर वाकल्या. आणि मग सगळ्यांसमोर म्हणाल्या, “अहो, पण ते बटण आहे कुठे?”

जावईबापूंचा चेहरा लालबुंद झाला. मागे पांढरी भिंत होती. नापासबाईने सवयीने मोजलं: साडेचार सहज.

संध्याकाळपर्यंत बटण गडद निळं झालं होतं, वर पांढरीशुभ्र ठळक अक्षरं.

दुसऱ्या सकाळी आत्या घरी आली, ती जिन्यापासूनच गुणगुणत. स्विमसूट दोरीवर गेला आणि औषधाचा वास बाल्कनीभर पसरला. भाचीने तो जरा जास्तच जोरात हुंगला असावा, कारण आत्याने तिच्याकडे रोखून पाहिलं.

“तुला कळलं होतं ना?”

“साबणाचा वास यायचा, आत्या. मला का नाही सांगितलंस?”

आत्या टॉवेलाने केस पुसत राहिली. “तुझ्या ऑफिसची साइट. म्हटलं, पोरीने तपासलंय म्हणजे ते दिसणारच. मला दिसत नाही म्हणजे माझे डोळेच गेले. आधी गुडघे, आता डोळे. कुठल्या तोंडाने सांगायचं?”

भाचीने आत्याला तशीच ओली मिठी मारली.

“डोळे ठणठणीत आहेत तुझे. मी नापासच केलं होतं ते.”

“मग पास कुणी केलं?”

“आमच्या मालकीणबाईंच्या जावयाने. मोत्याचा उसासा म्हणतो तो त्या रंगाला.”

“असं होय?” आत्याच्या डोळ्यांत जुनी चमक आली. “पाठव त्याला एकदा पोहायला. ‘इथून पुढे खोल पाणी’ ही पाटी मी मोत्याच्या उसाशात रंगवून ठेवते.”