पापणीची परीक्षा

कृष्णकांत ढोबळे वीज मंडळातून निवृत्त झाले आणि त्यांना मिररलेस कॅमेऱ्याचं वेड लागलं. नंदनवन वस्तीतल्या त्यांच्या घरात कॅमेरा एक, लेन्स चार आणि प्रश्नही एकच: हीच कंपनी ठेवायची, की चांगल्या फोटोंसाठी सगळं विकून दुसऱ्या कंपनीकडे जायचं? लोक मुलीचं लग्न एका बैठकीत ठरवतात. यांचं चौदा महिने ठरत होतं.

परीक्षेची पद्धत मात्र पक्की होती. रोज सकाळी नऊला बायकोला, वच्छलाबाईंना, गॅलरीत खुर्चीवर बसवायचं, डाव्या डोळ्यावर फोकस धरायचा, फोटो काढायचा आणि संगणकावर चारशे टक्के मोठा करून पापणीचे केस मोजायचे. केस वेगवेगळे मोजता आले तर लेन्स पास. गॅसवर भाजी करपली तरी बाई जागच्या हलत नसत. असं मॉडेल फुकटात कुठे मिळतं?

"अहो, मले तांदळातले खडे दिसून नाही राहिले," एकदा त्या म्हणाल्या. "समदं पुसट दिसते."

"मलेही पुसटच दिसते," कृष्णकांत संगणकावरून मान न उचलता म्हणाले. "म्हणून तं सिस्टम बदलाची म्हणतो."

कारण पापणी स्वच्छ येई, पण बाहुलीवर दुधाळ धुकं येई, आणि महिन्यागणिक वाढे. त्यांनी डोळ्यापुरता भाग कापून 'मिररलेस मंडळी' या व्हॉट्सॲप गटावर टाकला. तिथे सतरा जाणकार. एकानं लेन्समध्ये बुरशी सांगितली, दुसऱ्यानं कोटिंग उडालं म्हटलं, तिसऱ्यानं सेन्सरच लहान ठरवला. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. इथे तर दिवेच सतरा होते. तो कुणा बाईचा डोळा आहे, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

शेवटी गटातल्याच, जरीपटका भागात राहणाऱ्या मोहितकडून दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा दोन दिवसांसाठी आणला. वच्छलाबाई पुन्हा खुर्चीत. पापणी अशी आली की कृष्णकांतांचा जीव भांड्यात पडला. धुकं मात्र होतं तिथेच, उलट जास्त ठळक. ते भयंकर संतापले. दोन्ही कॅमेरे आणि सगळ्या लेन्स पिशवीत टाकून महाल भागातल्या बळीरामकडे गेले.

बळीराम तीस वर्षं लेन्स उघडून साफ करतो आणि कमी बोलतो. त्यानं प्रत्येक लेन्स दिव्यासमोर धरली, खाली ठेवली, मग फोटो पाहिले.

"लेन्स चोख हायेत भाऊ. ह्या कोण हायेत?"

"माही बायको. पण तुम्ही धुकं पाहा ना."

"तेच पाहून राहिलो. माह्या मायचं असंच झालं होतं. मोतीबिंदू हाये. वहिनीले डॉक्टरकडं न्या."

कृष्णकांतांना स्वतःची लाज वाटली, हे खरं. घरी परतताना 'म्हणजे आपली लेन्स पासच होती' हाही विचार मनात येऊन गेला, आणि तोही खरा.

डोळ्यांच्या डॉक्टर सुरुचींनी तपासलं तेव्हा त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "दोन्ही डोळ्यांत आहे. डावा फारच पिकलाय. ऑपरेशन करू, पण पूर्वीसारखं दिसेलच असं नाही. कधीपासून आहे हे?"

वच्छलाबाईंना नीट सांगता येईना. कृष्णकांतांना येत होतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. तारीखवार, ओळीनं, चारशेच्या वर डोळे होते. पहिलं धुकं गेल्या वर्षी नऊ जानेवारीला, सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी.

डॉक्टर एकेक फोटो सरकवत राहिल्या. पडदा कसा चढत गेला ते लहान पोरालाही कळलं असतं.

"इतकं स्पष्ट दिसत होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या, "मग यांना आणलं का नाही?"

उत्तर वच्छलाबाईंनीच दिलं, डॉक्टरांच्या आवाजाकडे चेहरा वळवून.

"कॅमेरा बदलाचा की नाही, ते ठरवून राहिले होते."