ओल्या दोराची मोजणी

मोजणीच्या खुंटीला बांधलेली लाल चिंधी वाऱ्यानं हलत होती. तिची गाठ बघताना एदुविगेसला वाटलं, ही आपल्याकडच्या माणसाची गाठ नाही—आपली माणसं गाठ मारतात ती सोडायची सोय ठेवून. अशा चिंध्यांची रांग ओढ्यापासून पिवळ्या गवतातून सरळ इथवर आली होती, आणि इथे, या ओकपासून दहा पावलांवर, मोजणीदाराची लोखंडी साखळी संपली होती.

मोजणीदार प्रुइट घाम पुसत उभा होता. नव्या अमेरिकी सरकारचा माणूस, उन्हानं सोललेल्या नाकाचा. इल्देफोन्सोच्या जमिनीच्या जुन्या कागदावर लिहिलं होतं ते त्यानं तिसऱ्यांदा वाचलं—ओढ्यापासून पन्नास वारांचे एकशे वीस दोर, डाग दिलेल्या ओकपर्यंत. डाग या ओकवरही होता आणि टेकडीपलीकडच्या ओकवरही. गुराखी तापलेली डागणी कुठल्याही झाडावर टेकवून बघायचे, त्यात झाडांच्या साली वाढलेल्या.

"बाई, हा झाड की तो झाड?" त्यानं विचारलं. भाषा त्याच्या तोंडात नीट बसत नव्हती.

तिनं टेकडीकडे पाहिलं. थांब म्हणावं जरा, सहा वर्षं मी थांबलेच ना.

खरं झाड टेकडीपलीकडचंच. तिच्या लग्नाला तेव्हा तीन महिने झाले होते. पहाटेचं दव इतकं होतं की घोड्यांचे गुडघे भिजलेले. दोराचं एक टोक तिच्या नवऱ्याच्या, बाल्तासारच्या हातात, दुसरं इल्देफोन्सोच्या—दोघं आळीपाळीनं खुंटी रोवत घोडे पिटाळत होते आणि कातड्याचा दोर ओल्या गवतातून फरफटत होता. कच्चं कातडं भिजलं की ताणतं. पन्नास वारांचा दोर पंचावन्नाचा झाला असेल. दुपारी वाळून आखडेल तेव्हा होईल बरोबर, असं म्हणून न्यायाधीश हसला होता. पण खड्ड्यात वासरू भाजायला घातलेलं, सगळ्यांना भुका लागलेल्या... दुपार व्हायच्या आत मोजणी उरकली, आणि हद्द टेकडीपलीकडच्या ओकपर्यंत गेली. आणि गंमत बघा, अख्ख्या कॅलिफोर्नियात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. इतकी जमीन होती! त्याच दिवशी, त्याच दोरानं, पुढे तिच्या घरची जमीनही मोजली गेली. त्यातले आता दोघेच जिवंत होते. ती, आणि तिथे हातात टोपी धरून उभा असलेला इल्देफोन्सो.

तो म्हातारा झाला होता. तिला त्याचं बरं वाटलं. हाच हात, याच हातावर त्यानं तिच्या पोराला, अन्सेल्मोला, बाप्तिस्म्याच्या वेळी धरलं होतं, धर्मपिता म्हणून. आणि एकोणीस वर्षांनी, लढाईच्या त्या डिसेंबरात, याच हातानं अमेरिकी फौजेला खिंडीची वाट दाखवली. गावावर गोळी चालवायची नाही असा शब्द घेतला होता म्हणे. गावावर नाहीच चालली. खिंडीवर पहाऱ्याला बसलेल्या माझ्या पोरावर चालली. नंतर तो तीनदा दाराशी आला, आणि तीनदा तिनं आतून अडसर घातला. गोळी घालणाऱ्याचा चेहरा तिला माहीत नव्हता. याचा होता.

या ओकच्या पुढे, टेकडीच्या अल्याड झरा, झऱ्यावर त्याचं घर, मुलीनातवंडांसकट. हा ओक धरला की ते सगळं हद्दीबाहेर. झऱ्याकाठी परक्या अमेरिकनांच्या चार गाड्या महिनाभर ठाण मांडून होत्या. त्यांच्या बायका आत्ताही धुणं वाळत घालत होत्या. म्हणजे पाणी जाणार ते त्याच लोकांना, ज्यांनी... हे तिला कळत नव्हतं थोडंच? रात्रंदिवस कळत होतं. जाऊ दे. निदान याला तरी उघड्यावर बसून मूल गेल्यासारखं वाटू दे.

तिनं पुढे होऊन खोडावर हात ठेवला. "हेच."

प्रुइटनं लिहून घेतलं. उद्या गावात जमिनीच्या आयोगासमोर शपथेवर सही करायची, मग पक्कं, असं त्यानं समजावलं आणि खुशीत साखळी गोळा करायला निघून गेला.

आता तो गयावया करेल. त्यावर काय बोलायचं ते तिनं घोळवून ठेवलं होतं, शब्दन् शब्द.

"दोर ओला होता, वहिनी," इल्देफोन्सो म्हणाला.

"मला नाही आठवत."

"बरं." त्यानं टोपी घातली, मग पुन्हा काढली. "पुढच्या महिन्यात तुमच्या जमिनीची सुनावणी आहे. साक्षीला मीच उरलोय. तुम्ही उद्या काहीही सांगा, मी खरं तेच सांगणार. तुमची पुरी हद्द दाखवणार."

"कुणी सांगितलंय उपकार करायला?"

"कुणी नाही."

"खोटं सांगा," ती म्हणाली. "मी सांगितलं तसंच तुम्हीही सांगा. मला चालेल."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि टेकडीकडे चालू लागला, गुडघ्यावर हात टेकत, सावकाश. तोही सूड उगवणार, आपलीही जमीन जाणार, हे तर तिनं कधीच गृहीत धरलं होतं. रिकामं व्हायची तिची तयारी होती, त्याच्यासकट. पण त्यानं राखलेल्या हद्दीत राहायचं, त्यानं दिलेल्या गवतावर गुरं चारायची, मरेपर्यंत... सहा वर्षं तिला या माणसाचा राग आला होता, किळस आली होती, स्वप्नात तिनं त्याला किती प्रकारांनी मारलं होतं. भीती मात्र आज पहिल्यांदा वाटली—हा खरंच खरं सांगेल.