डावा कोपरा

ओवे गावच्या नाक्यावर फ्लेक्स लागला की समजायचं, कुणीतरी मोठा झाला. तुमच्याही गल्लीत हेच चालतं ना, मंडळी? मधोमध एक माणूस ढाण्या वाघासारखा, आणि खाली बाकीचे पोस्टाच्या तिकिटाएवढे! या खेपेला मधोमध होता हरेश, मांडीवर शड्डू ठोकताना. खाली पाच तिकिटं. कबड्डीचा संघ सात जणांचा असतो, सातवा कुठं गेला हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

रविवारी फायनल होती. जिल्ह्याच्या संघासाठी पोरं निवडणारे साहेब बघायला येणार होते. हरेश तीन वर्षं याच दिवसासाठी खपत होता. शनिवारी सकाळी मात्र तो घरात मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसला होता. सहा आठवड्यांत नऊ टूर्नामेंट. अंगाचा नुसता भुगा झालेला. तोंड तेवढं दमलं नव्हतं.

"ताय, चाय दे."

"हातानं घे. मी पन मानूसच हाय," निशा म्हणाली. ही त्याची मोठी बहीण. शाळेत पीटी शिकवायची, घरी येऊन याचे मातीचे कपडे धुवायची, आणि संघाच्या गुणांची वहीही तीच ठेवायची. तिचा दिवस कधी संपतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

"बळ्याला काढला," हरेश म्हणाला. कॅप्टन तोच होता. "उद्या डाव्या कोपऱ्याला प्रितेश."

निशाच्या हातातली बादली तिथंच राहिली. "बळीरामदादूसला काढलास? कशापायी?"

"प्रॅक्टिसला येतो का तो? आला तरी डोळ्यात झोप. प्रितेशला रेड मारता येते. दोन रेडर झाले की समोरच्यांचा बाजार उठला समज."

"अरं, कळंबोलीच्या लोखंड बाजारात रात्रपाळी करून येतो तो. सळया वाहतो सळया! झोप येनार नाय तर काय?"

"मग तिकडंच वाहू दे."

निशानं बादली आपटली आणि वही आणून त्याच्या मांडीवर टाकली. "वाच. या सीझनला तू आऊट किती वेळा झालास?"

"ते कशाला मोजायचं?"

"बेचाळीस! आऊट झालास की तू बाहेर बसतोस. आपल्यातल्या कुनीतरी समोरचा गडी मारला, तरच तू जिवंत होऊन आत येतोस. बेचाळीसपैकी एकतीस वेळा तुला कुनी जिवंत केला? नाव वाच."

हरेशनं नाव वाचलं. मोठ्यानं वाचलं नाही.

"पब्लिक रेड बघायला येते, ताय. घोटा धरनाऱ्याला कोन बघतं?"

"जल्ली तुझी पब्लिक! तो घोटा धरतो म्हनून तुला रेड मिळते. रेड मारायला तू एकटा जातोस, पन बाहेरून परत आत येनं तुझ्या एकट्याच्या हातात नाय. कधी डोक्यात शिरनार?" ती सांगून सांगून दमलेली होती. "जाऊ दे. उद्या मॅटच सांगंल."

आणि मॅटनं सांगितलं!

रविवारी चार वाजता शिट्टी वाजली. दुसऱ्याच मिनिटाला हरेश रेडला गेला आणि समोरच्या उरणवाल्यांपैकी तिघांनी त्याला दाबून धरलं. आऊट. तो बाहेर जाऊन बसला. बसला तो बसलाच. समोरचा रेडर आला की प्रितेश पाय मागं घ्यायचा. रेडरच्या अंगात ती सवय असतेच, पळून वाचायची. कोपऱ्यावरच्या माणसानं मात्र पळायचं नसतं, समोरून येणारा पाय पकडून तिथंच मरायचं असतं. एकेक गडी बाद होऊन हरेशच्या बाजूला येऊन बसत गेला. सातही जण बाद झाले, लोण लागला, तेव्हा कुठं सगळ्यांबरोबर हरेश उठला. म्हणजे जिवंत झाला तोही बेइज्जतीनं!

पुन्हा रेड. दोन गडी मारले. पुढच्या रेडला परत दाबला. परत बाहेर.

खुर्चीत बसलेले निवडीचे साहेब चहा प्यायले, घड्याळ बघितलं, बाजूवाल्याशी गप्पा मारायला लागले. हरेश गुडघ्यावर हनुवटी टेकून हे सगळं बघत होता. तीन वर्षांचा घाम, आणि साहेबांना दिसतोय काय, तर बसलेला माणूस!

हाफटाइमला अकरा-चोवीस. राखीव बाकड्यावर बळीराम जांभई देत होता. रात्रपाळीला जोडून दुपारपर्यंत सळया वाहून सरळ इकडंच आलेला. दोन बोटांना चिकटपट्टी, खांद्यावर सळयांचे काळे वळ. काढलं होतं तरी आला होता.

हरेश त्याच्यापुढं उभा राहिला. "दादूस..."

बळीरामनं मागं वळून बघितलं. "कोनाला हाक मारतोस रं? मागं तर कोन नाय."

"तुलाच."

"मला? माझं नाव तर बळ्या हाय ना दोन वर्षांपासून?"

हरेशचा चेहरा उतरला. "चुकलं माझं. मला आत घे, दादूस."

बळीराम गुडघ्यावर हात टेकत उठला. "दमलोय रं मी. लय दमलोय. त्या प्रितेशचे बूट दे, माझ्या बुटाचा तळवा गेलाय."

प्रितेशनं बूट इतक्या पटकन काढले की पोरं हसलीच.

शिट्टी वाजली. समोरचा रेडर नाचत नाचत डाव्या कोपऱ्याकडं आला. तो कोपरा आता आपलीच जहागीर, असं त्याला वाटत होतं. बळीराम दगडासारखा खाली बसून होता. पाय आला आणि दोन्ही हात घोट्यावर पडले. रेडर हात लांब करून मधल्या रेषेकडं ओढत राहिला, बळीराम छातीवर घसटत गेला. पण घोटा सोडला नाही!

हरेश जिवंत झाला. पब्लिक शड्डूची वाट बघत ओरडत होती. हरेशनं शड्डू ठोकला नाही. आधी डाव्या कोपऱ्याला गेला आणि बळीरामचा हात हातात घेतला. खरबरीत, भेगाळलेला हात. सहा वर्षं एका संघात, आणि हा हात त्यानं कधी धरलाच नव्हता!

त्यानंतर बळीरामनं एकामागून एक घोटे धरले, तरी मॅच तेहतीस-छत्तीसनं हरले. एवढं मागं पडल्यावर दुसरं काय होणार?

साहेब निघताना हरेशपाशी थांबले. "पोरा, तू जोरात आहेस. पण अर्धी मॅच तू बसून होतास. बसलेला माणूस मी कसा निवडू?"

हरेशचं आणखी एक वर्ष गेलं. गेलंच. तरी तो बोलला, "साहेब, मग आमचा डावा कोपरा लिहून घ्या."

"तेच विचारायला थांबलोय. नाव?"

"बळीराम मढवी."

"मधलं नाव? बापाचं?"

हरेशनं बळीरामकडं बघितलं. बळीरामचा बाप गेला तेव्हा हा मॅचला होता. बळीराम मात्र चौदाव्या दिवशी याच्यासाठी मैदानात उभा होता. आणि त्या बापाचं नावसुद्धा याला माहीत नव्हतं!

"दादूस," त्यानं मान खाली घालून हाक मारली, "तुझं पूर्ण नाव काय रं?"

"का? पोलीस केस झाली का?" बळीराम बूट सोडत होता. मग म्हणाला, "बळीराम चांगा मढवी."

बाजूला उभ्या निशानं वहीत ते तसंच लिहून घेतलं, पूर्ण.

सोमवारी नाक्यावरचा फ्लेक्स हरेशनं स्वतः शिडी लावून उतरवला. नवा लावला नाही. फ्लेक्स धुऊन, पुसून बळीरामच्या गळक्या पडवीवर बांधून दिला. घरी आल्यावर मळलेले कपडे पहिल्यांदा स्वतः बादलीत भिजवले. निशानं ते बघितलं आणि खाटेवर जरा आडवी झाली.

मंडळी, आपल्या प्रत्येकाच्या घरात आणि कामाच्या जागी असा एक डावा कोपरा असतो. तो मातीत असतो म्हणून आपण मैदानात दिसतो. टाळ्या खुशाल घ्या, पण आपण बाद झालो तेव्हा कुणी घोटा धरून ठेवला होता ते आठवा. आणि त्या माणसाचं निदान पूर्ण नाव तरी माहीत करून घ्या!