आधी अंगठा

माझ्या दादाची नाटकं आता पुस्तकांत आहेत आणि त्यांच्यावर लिहिणारी माणसंही पुष्कळ झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी माझ्याकडे येतं, चहा घेतं आणि विचारतं, "ते नाटक लिहायचे कसे?" मी कपाटातली वही काढून देते.

वहीचं प्रत्येक पान मधोमध दुमडून पुन्हा सरळ केलेलं आहे. घडीच्या डावीकडे पात्रं काय करतात ते, उजवीकडे काय बोलतात ते. दादा आधी डावी बाजू लिहायचा. अख्ख्या प्रवेशाची डावी बाजू भरली की मगच उजवीकडे वळायचा, आणि डावीकडून जे कळलं असेल ते उजवीकडून खोडून टाकायचा. डावी बाजू कोरी असलेलं पान म्हणजे कच्चं पान. ते कोणाला दाखवायचं नाही आणि उतरवून काढायचं नाही. मी त्याची प्रॉम्प्टर होते. त्याच्या वहीवरून माझी प्रत उतरवायची आणि प्रयोगाला ती मांडीवर घेऊन विंगेत बसायचं, हे माझं काम. त्यामुळे हा नियम मला पाढ्यांसारखा पाठ होता.

एका मुलाखतीत त्याला विचारलं होतं, तुम्ही नाटक कोणासाठी लिहिता? तो म्हणाला, "शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी." त्यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली. सामान्य माणूस, उपेक्षित माणूस, काय काय.

त्या खुर्चीत आमचे बाबा बसायचे.

बाबा छापखान्यात मशीनमन होते. पस्तीस वर्षं त्या खडखडाटात काढल्यावर त्यांचे कान गेले. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर अर्धंमुर्धं कळायचं, आणि आपण स्वतः किती मोठ्याने बोलतोय ते मुळीच कळायचं नाही. संध्याकाळी घरी आले की मोरीपाशी बसून रॉकेलच्या फडक्याने हात पुसायचे. दादा लहान असताना त्या काळ्या हातांना लोंबकळायचा, मग त्याचेही हात काळे, मग बाबा त्याच फडक्याने त्याची बोटं एकेक करून पुसायचे.

तो मोठा झाल्यावर बाबांनी मालकांना गळ घालून त्याला छापखान्यात चिकटवला. दादा तिसऱ्या दिवशी घरी आला तो पुन्हा गेलाच नाही. मला नाटकं लिहायची आहेत, म्हणाला. बाबांना मालकांपुढे मान खाली घालावी लागली. त्यांनी दादाशी बोलणं टाकलं. सहा वर्षं.

दादा वेगळ्या खोलीत राहायचा आणि रविवारी जेवायला यायचा. आई नव्हती, त्यामुळे टपालखातं माझ्याकडे.

"त्याला भाजी वाढ," बाबा मला सांगायचे.

"समोरच बसलाय. तुम्हीच विचारा की त्याला."

"काय म्हणालीस?" बाबा कानामागे हात न्यायचे. नको ते ऐकू न येण्यात त्यांच्याइतकं तरबेज कोणी नव्हतं.

मी दादाच्याही मागे लागायचे. "कानाशी जाऊन सांग एकदा, चुकलं म्हणून. छापखाना सोडलास ते राहू दे, पण न सांगता सोडलास ना?"

"माफी काय ओरडून मागायची असते?"

"मग चिठ्ठी लिही."

चिठ्ठी त्याने लिहिली. बाबांनी ती न उघडता चष्म्याच्या डबीखाली ठेवली. तिथेच ती पिवळी पडली.

पण बाबा त्याच्या प्रत्येक नाटकाला यायचे. "तुला घरी न्यायला येतो," असं मला बजावून. मी तिशीला टेकले होते आणि थिएटर घरापासून दहा मिनिटांवर होतं. पहिल्या नाटकात दोन माणसं दीड तास उभी राहून बोलत होती. परतताना बाबांनी भर रस्त्यात मला विचारलं, "ते दोघं भांडत होते की सोयरीक जमवत होते?" चार जण थांबून बघायला लागले.

हे मी दादाला सांगितलं तेव्हा तो पोट धरून हसला. पण दुसऱ्या दिवशी त्याने नवी वही आणली आणि पानं दुमडायला बसला.

तेव्हापासून असंच चाललं. प्रयोग झाला की बाबा वाटेत मला नाटकाची गोष्ट सांगायचे, मी ती दादाला सांगायची, आणि बाबांना जिथे कळलं नसेल तिथे दादा पुन्हा लिहायचा. चौथ्या नाटकापर्यंत बाबांच्या गोष्टीत आणि दादाच्या गोष्टीत पात्रांच्या नावांपलीकडे फरक उरला नाही.

पाचवं नाटक त्याने बापलेकांचं लिहिलं. बाप छापखान्यातला. पहिल्या अंकात बाप पोराची बोटं पुसतो. शेवटी पोरगा, आता मोठा झालेला, माफी मागायला येतो. तो शेवट काही केल्या लिहून होईना. तीन महिने दादा डावी बाजू समोर घेऊन बसला. शेवटी त्याने हात टेकले आणि उजवीकडे दीड पानाचं भाषण लिहून काढलं.

"हे हातांनी सांगण्यासारखं नाही," तो मला म्हणाला. "बोलायलाच पाहिजे."

"आणि बाबांना ऐकू कसं जाणार?"

"घुमटला घेतलाय."

घुमट म्हणजे आमचा नट. त्याचा आवाज असा, की तो शिंकला तरी शेजारच्या गल्लीत कळायचं. दादाने सगळी आशा त्या आवाजावर ठेवली होती. या वेळी बाबांपर्यंत पोचलं नाही तर आपण पुन्हा प्रयत्न करणार नाही, असंही तो म्हणाला होता. मला त्याचीच धास्ती होती.

घुमटची एक खोड होती. दादाने वेगळं लिहून दिलेलं ते शेवटचं भाषण तो तालमीत म्हणायचाच नाही. "रडू म्हणजे काय नळाचं पाणी आहे, ताई? इथे सांडलं तर प्रयोगाला कुठून आणू?" त्यामुळे तालीम तिथपर्यंत आली की तो म्हणायचा, "इथे माझं भाषण, मग पडदा," आणि चप्पल शोधायला लागायचा.

प्रयोग रविवारी दुपारी होता. बाबा त्यांच्या खुर्चीत. दादा त्यांच्यामागे दाराला टेकून उभा. तो प्रयोगाला कधी बसत नसे. सगळं छान चाललं होतं. शेवटच्या प्रवेशात बापाचं काम करणारे काका, जे एरवी पोस्टात कारकून होते, मोरीपाशी येऊन बसले. घुमट समोर आला, छाती भरून श्वास घेतला आणि तसाच उभा राहिला.

माझ्या लक्षात आलं, याला आठवत नाही. मी पहिला शब्द सांगायला पान उलटलं. पुढे कोरा कागद. त्याच्या पुढेही कोरा.

मग डोक्यात लख्ख झालं. वही उतरवताना शेवटच्या दोन पानांची डावी बाजू कोरी दिसली होती. कच्चं पान, उतरवायचं नाही. सवयीने मी तिथेच थांबले होते. भाषण माझ्या प्रतीत नव्हतंच, आणि तालमीत ते कधी ऐकलेलं नसल्यामुळे मला एक ओळही ठाऊक नव्हती.

घुमट विंगेकडे बघत होता. बुडणारा माणूस बघतो तसा. प्रेक्षागृहात कोणीतरी खोकलं.  काहीतरी सांगायला हवं होतं, आणि माझ्याजवळ पहिल्या अंकाच्या डाव्या बाजूखेरीज काही नव्हतं.

"फडकं घे," मी म्हटलं. "बोटं पूस."

तो ऐकणारा नट नव्हता, पण त्या दिवशी ऐकलं. काकांच्या हातातलं फडकं त्याने घेतलं आणि समोर बसला. काकाही जुने खेळाडू, त्यांनी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. घुमट करंगळीपासून एकेक बोट पुसायला लागला. पुसलं आणि पुन्हा पुसलं, कारण पुढे काय करायचं ते त्यालाही माहीत नव्हतं. थिएटर इतकं शांत झालं की फडक्याचा आवाज ऐकू यावा.

आणि त्या शांततेत शेवटच्या रांगेतून बाबांचा आवाज आला. त्यांना वाटलं असणार की आपण मनातल्या मनात बोलतोय.

"राहू दे रे आता. नाही निघत ती शाई."

एकही माणूस हसला नाही. पडदेवाल्याने आपल्या बुद्धीने पडदा पाडला.

टाळ्या थांबायच्या आत दादा विंगेत धावत आला. "भाषण कुठे गेलं?"

"मला विचारू नका, ताईंना विचारा," घुमट म्हणाला.

मी प्रत पुढे केली. "डावी बाजू कोरी होती. मला वाटलं, कच्चं पान आहे."

दादाने ते कोरं पान पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि कपड्यांच्या ट्रंकेवर बसून हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला.

"कच्चंच होतं," तो म्हणाला.

माझ्या छातीवरचा दगड उतरला. घुमटच्या मात्र चेहऱ्यावर काळजी. "म्हणजे पुढच्या प्रयोगाला भाषण नाही? तीन आठवडे आरशासमोर घासलंय मी."

"तो आरसा सुटला बिचारा," दादा म्हणाला.

तेवढ्यात बाबा आत आले. इतक्या वर्षांत ते रंगमंचामागे कधी आले नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, "त्याला सांग," आणि थांबले. मग वळून सरळ दादासमोर जाऊन उभे राहिले.

"तुझ्या नटाला हात पुसता येत नाहीत. करंगळीपासून कोण सुरू करतं? आधी अंगठा. शाई अंगठ्याला जास्त असते."

 दादा काही बोलला असता तरी बाबांना ऐकू गेलं नसतं. त्याने नुसते हात पुढे केले. लिहून लिहून त्याच्या अंगठ्याला आणि मधल्या बोटाला पेनची शाई लागलेली असायची. बाबांनी घुमटच्या हातातलं फडकं घेतलं, अंगठा धरला आणि पुसला.

"ही निळी. ही लगेच निघते," ते म्हणाले.

वहीच्या शेवटच्या दोन पानांवर ते दीड पानाचं भाषण आजही आहे, वर तिरकी रेघ मारलेलं. डावीकडे दोनच शब्द: "आधी अंगठा." छापील पुस्तकात तेवढीच सूचना आहे. ती वाचून लोक मला अर्थ विचारतात.

त्या संध्याकाळी आम्ही तिघं चालत घरी गेलो. बाबा दादाला नाटकाची गोष्ट सांगत होते, पहिल्यापासून, हातवारे करत, अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. दादा ती पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा मान डोलवत होता. मी दोन पावलं मागे राहिले. मला कोणाला काही सांगायचं नव्हतं.