वहिनीने निवडलेला छोटा मिक्सर

सेक्रेटरीसाहेब, भर कार्यक्रमात वहिनीचा आवाज मेला तो तुमच्यामुळे. आणि वर बोंब तुमचीच, की या बाईचं सामान भंगार आहे!

सगळा वाद्यवृंद तिला वहिनी म्हणतो, कारण कीबोर्डवर तिचा दीर बसतो. त्या संध्याकाळी ती अंतऱ्यावर चढली आणि एकदम सगळं मुकं झालं. स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या तिच्या छोट्या मिक्सरमधून जळका वास आला. माइक गेला तरी ती गात राहिली, पण तुमचं सभागृह अवाढव्य. मागच्यांना नुसते तिचे हलणारे ओठ दिसले. पडदा पडतो न पडतो तोच तुम्ही ऐकवलंत, "चांगला मिक्सर आणून दाखवा, नाहीतर पुढची तारीख दुसऱ्यांना." एवढी घाई कसली? तेव्हापासून हा किडा तिच्या डोक्यात वळवळत होता.

म्हणून साउंडच्या दुकानात शिरली तीच संशय कमरेला खोचून. मागे दीर, तिचा माइक आणि घरचे दोन स्पीकर घेऊन.

दुकानदाराने एक धूड पुढे सरकवलं. "ताई, डोळे मिटून घ्या. ॲम्प्लिफायर आतच आहे. सेक्रेटरीसाहेबसुद्धा माझेच गिऱ्हाईक."

"मग तर डोळे उघडेच ठेवते," वहिनी म्हणाली.

त्याने झकास रेकॉर्ड लावली. तिने हात वर केला. "बंद करा. रेकॉर्ड काय, पत्र्याच्या डब्यातूनही गोड लागते. माझा माइक लावा."

तिने अंतऱ्याची सुरुवात अगदी दबक्या आवाजात म्हटली. आवाजामागे बारीक गुणगुण चालूच. "याच्या पोटात भुंगा आहे," ती म्हणाली. मग छोट्या मिक्सरवर तीच ओळ. श्वाससुद्धा स्वच्छ.

"वहिनी, हाच घेऊ. उचलायलाही हलका."

"थांबा भावोजी. त्या दिवशी होतं तस्संच लावा. आपले दोन, सभागृहाचे दोन, चारही स्पीकर."

कोपऱ्यात सभागृहात आहेत तसलेच दोन काळे स्पीकर होते. दिराने त्यांची वायर उचलली, तसा दुकानदार काउंटरवरून झेपावला आणि त्याने त्याचं मनगटच धरलं.

"जाळता काय? तुमचे दोन हा मजेत ओढतो. त्यांच्यावर हे जड दोन लादले की याची कंबर मोडते!"

दिराचं तोंड पडलं. "वहिनी, त्या दिवशी मीच जोडले. साहेब म्हणाले, मागे ऐकू येत नाही, आमचेही दोन लावा."

"आणि तुम्ही लावलेत? न विचारता?"

"त्यांचंच सभागृह, त्यांचेच स्पीकर. म्हटलं, त्यांना कळत असेल. शिवाय फुकटात आवाज वाढत होता..."

"वाढला बरं का! पार धुरापर्यंत वाढला." वहिनी दुकानदाराकडे वळली. "हे साहेबांना ठाऊक होतं?"

"विकतानाच बजावलं होतं मी. छोट्या मिक्सरला जोडू नका म्हणून. चांगली मान डोलावली त्यांनी." बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली आणि घाईघाईने मोठ्या धुडावर थाप मारली. "हा चारही ओढेल, ताई."

"त्यांचं ओझं मी का ओढू?"

तिने छोटाच घेतला. एका हातात उचलून तडक तुमच्या ऑफिसात आली आणि तुमच्या टेबलावर, चहाच्या कपाला खेटून ठेवला.

"हा मिक्सर. घरच्या दोन स्पीकरांवर आत्ता गाऊन दाखवते. तुमचे स्पीकर याला लागणार नाहीत."

तुम्ही हसलात. "बाई, झालं गेलं सोडा ना."

"कसं सोडू? दुकानदाराने बजावलेलं विसरलात, की आठवत असूनच जोडायला लावलंत? विसरला असाल तर चारचौघांत तसं सांगा आणि माझी तारीख द्या. विसरला नसाल, तर माझ्या जागी कुणाला उभं करायचं होतं?"

तुम्ही पंख्याकडे बघायला लागलात. वहिनीने खुर्ची ओढली आणि ती समोर बसली.

"पंख्याला नाही विचारलं, साहेब. तुम्हाला विचारलंय. बोला."