आतली दोन अक्षरं

रोल्स-रॉइसच्या जुन्या गाड्यांच्या तोंडावरचं ग्रिल क्रोमचं नसतं, स्टीलचं असतं. घरातल्या डाळीच्या डब्यासारखंच.

चंपाबाईंच्या भांड्यांवर नावं घालायच्या मशीनचा आवाज दातांच्या दवाखान्यातल्यासारखा येतो.

हेन्री रॉइसच्या वडिलांची पिठाची गिरणी चालली नाही. पोरगा रेल्वे स्टेशनवर पेपर विकायला लागला.

शोरूममध्ये अपमान झाला म्हणून एका राजानं रोल्स-रॉइस गाड्या विकत घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या. भाईंदर स्टेशनबाहेरचा कुठलाही रिक्षावाला ही गोष्ट सांगेल. राजा प्रत्येकाचा वेगळा.

बाई भांडं घेताना आधी आतून बघते.

जुन्या भांड्यावरचं नाव पहिल्यांदा घालवायचं. पॉलिश नंतर.

गाळा नंबर सतरा. तीस तारीख.

*

हे सगळं एकाच गाळ्यात येऊन पडलं ते असं.

भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये केरबा एकतीस वर्षं स्टीलच्या भांड्यांना बफ मारत होते. बफ म्हणजे गरगर फिरणारं कापडी चाक. त्यावर भांडं दाबून धरायचं, तोंड दिसेपर्यंत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या मनगटानं नकार दिला आणि चाकासमोर त्यांची मुलगी उभी राहिली. संघप्रिया, वय पंचवीस. आधी ती कॉल सेंटरला होती. तिथं लोक शिव्या देतात, इथं निदान भांडी गप्प असतात, असं ती म्हणायची.

पण भांडीच येईनाशी झाली. कारखाने वसईच्या पुढं गेले, पॉलिश मशीनवर व्हायला लागलं. गाळ्याचे मालक जितेशभाई दर दोन दिवसांनी दारात येऊन उभे राहायचे.

"केरबाभाऊ, गाळा सोडायची तीस तारीख पक्की ना? पार्सलवाले गाळ्यासाठी माझ्या डोक्यावर बसलेत."

"पक्की म्हंजे? तुम्हीच ठरवली, तुम्हीच पक्की केली. मला कशाला विचारायलाव?"

"अरे, माणूस म्हणून विचारतो."

"मग च्या घ्या माणूस म्हणून."

जितेशभाई चहा घ्यायचे. तारीख तीसच राहायची.

*

बारा तारखेला नीरज आला. मुर्ध्याला खाडीच्या बाजूला त्याची शेड आहे. जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देतो. म्हणजे नव्यासारख्या नाही, जुन्यासारख्या, असं तोच दुरुस्त करून सांगतो. टेम्पोतून त्यानं गोधडीत गुंडाळलेली एक वस्तू उतरवली. देवळाच्या दर्शनी भागासारखी चौकट, आत उभ्या पट्ट्या.

"रोल्स-रॉइस," तो म्हणाला. "एकोणसाठ सालची सिल्व्हर क्लाउड. काका, हे स्टील आहे. मुंबईत तिघांना दाखवलं, तिघंही म्हणाले क्रोम चढवून देतो. मला क्रोम नकोय. मला भांडीवाला हवाय."

केरबांनी नखानं टिचकी मारली. आवाज ऐकला. "चांगल्या घरचंय," म्हणाले.

"हिच्या कंपनीचं नाव कशावर चालतं माहितीये? इंजिन सुरू आहे का बंद, कळू नये यावर. आणि या ग्रिलवर. एक माणूस एक ग्रिल बनवायचा. हातानं, नजरेनं."

संघप्रियानं स्टीलची पट्टी आडवी लावून पाहिली. मधे केसभर फट दिसत होती. "वाकलंय हे."

"वाकलेलं नाहीये!" नीरज जवळजवळ ओरडलाच. "मुद्दाम केलंय. अगदी सपाट केलं तर लांबून मधे खोलगट दिसतं. सपाट दिसावं म्हणून थोडं फुगवलंय. एवढंच सांभाळ, बाकी तुझ्यावर. सपाट करू नकोस."

"नाही करणार."

"हे जमलं तर शेडमध्ये अजून चार गाड्या उभ्या आहेत. बंपर, चाकांच्या टोप्या, खिडक्यांच्या चौकटी, सगळं स्टील. वर्षभर पुरेल."

हे ऐकताना जितेशभाई दारात होते. जाताना एवढंच म्हणाले, "वर्षभराचं काम असेल तर पार्सलवाल्याला मी नाही म्हणू शकतो. पण मला कागद दाखवा. फुगवलेलं स्टील नको."

*

कृती :

एक. पट्ट्यांवर हात दाबायचा नाही.
दोन. चाक हळू.
तीन. सपाट करायचं नाही.
चार. दर पाच मिनिटांनी दहा पावलं लांब जाऊन बघायचं.
पाच. सपाट करायचं नाही.

हे संघप्रियानं भिंतीवर खडूनं लिहिलं होतं. सहा दिवस ती तसंच वागली. सहाव्या दिवशी ग्रिलमध्ये गाळ्याचं शटर, समोरचा वडापाववाला आणि वडापाववाल्याच्या मागची शाळेची भिंत दिसायला लागली, एकही न वाकता. शेजारच्या गाळ्यातली पोरं येऊन त्यात केस सारखे करून गेली.

मग तिनं ते उलटं केलं.

गाडीच्या धंद्यातला कुणीही ग्रिल आतून पॉलिश करत नाही. आतून कोण बघणार, रेडिएटर? पण संघप्रिया गाडीच्या धंद्यातली नव्हती. बाहेरून चकचकीत आणि आतून काळं भांडं गाळ्यातून गेलं तर केरबा रात्री जेवायचे नाहीत. आत साठ वर्षांची काजळी होती. तिनं ती काढली. काजळीखाली, वरच्या कोपऱ्यात, ठोकलेली दोन इंग्रजी अक्षरं होती. जे. टी.

असेल कुणातरी मालकाचं नाव, असं तिला वाटलं. असंही म्हणता येत नाही. तिला काहीच वाटलं नाही. लहानपणापासून तिनं जुन्या बाजारातली भांडी गाळ्यात येताना पाहिली होती. कुणाच्या लग्नातली, कुणाच्या वास्तुशांतीची, कुणाच्या बाराव्याची. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं कुणी विकत घेत नाही. हाताला सवय होती. चाक कोपऱ्यात गेलं, दीड मिनिट फिरलं, आणि कोपरा स्वच्छ झाला.

*

नीरजचा मेसेज, त्याच दुपारी :

"फोटो बघितले!!! काय चमकतंय यार. आता एक कर, मागे वरच्या कोपऱ्यात दोन अक्षरं असतील, काजळीखाली. बनवणाऱ्या कारागिराची सही असते ती. गाडीचे मालक जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या पुस्तिकेत छापणार आहेत. नीट फोटो पाठव."

*

चंपाबाई एक वाजता डबा घेऊन आल्या तेव्हा लेक जमिनीवर बसलेली होती आणि नवरा स्टुलावर. दोघांच्या मधे ग्रिल पालथं.

चंपाबाई, केरबांची बायको, भाईंदर पश्चिमेच्या बाजारात भांड्यांच्या दुकानात बसतात. कुणी आहेराचं भांडं घेतलं की त्यावर नाव घालून देतात. आता मशीनवर; पूर्वी छिन्नी-हातोडीनं, ठिपक्या-ठिपक्यांनी. निम्म्या भाईंदरच्या नातेवाइकांची आडनावं त्यांना पाठ आहेत.

त्यांनी मेसेज वाचून घेतला. डबा उघडला. बंद केला.

"दोनच अक्षरं ना?"

"आई, नको."

"मी काही बोललेच न्हाई अजून."

"तू काय बोलणार ते माहितीये मला."

"अगं, जुनी छिन्नी हाय माझ्याकडं. ठोकून देते. जे काय अन् टी काय, गणपाटलाच्या पातेल्यावर मी अख्खं खानदान ठोकलंय. कुणाच्या बापाला कळणार न्हाई."

"तो माणूस होता ना आई कुणीतरी. जे. टी. त्यानं स्वतः ठोकलं होतं. तू ठोकलंस तर ते तुझं होईल."

"माझं झालं तर काय वाईट झालं?" चंपाबाई म्हणाल्या. पण छिन्नी आणायला गेल्या नाहीत. तीस वर्षं दुसऱ्यांची नावं घालणाऱ्या बाईला यातला फरक समजावून सांगावा लागत नाही.

केरबांची नजर भिंतीवरच्या खडूवर होती. पाच नियमांत आतलं काही नव्हतं. आतून घासायला त्यांनीच शिकवलं होतं.

"जेवून घ्या," चंपाबाई म्हणाल्या.

कुणी जेवलं नाही. संघप्रिया फोन घेऊन बाहेर गेली, दहा मिनिटांनी आली. येताना चहावाल्याला तीन कटिंग सांगून आली. डोळे धुतलेले होते.

*

चहा गार झाल्यावर केरबा एकदम हसले. बायको आणि मुलगी दोघीही दचकल्या.

"अनसूयाबाई आठवते का गं?" त्यांनी चंपाबाईंना विचारलं.

"कोण अनसूयाबाई?"

"अगं ती घागर!"

चंपाबाईंनी तोंडावर पदर घेतला. "मेल्या, लाज वाटत न्हाई का, आत्ता काढायलाव ते?"

गोष्ट अशी. वीस-बावीस वर्षांपूर्वी जुन्या बाजारातून एक लॉट आला होता. केरबांनी सगळ्यांवरची नावं घालवली, आरसा केला. एक घागर एका नवरीच्या मामानं घेतली. चंपाबाईंनी त्यावर नवरीचं नाव घातलं. पण मामाला डाग दिसला, म्हणून त्यानं ती कुठूनतरी ॲसिडात बुडवून आणली. लग्नात रुखवतावर घागर मांडली, तर नवरीच्या नावाखाली दुसरं नाव उठलेलं. 'कै. अनसूया यांच्या स्मरणार्थ.'

"मांडवात रडारड," केरबा म्हणाले. "मामा मला मारायला आला हुता फाटकापर्यंत."

संघप्रिया हसली नाही. उठून उभी राहिली. "उठलं कसं पण?"

"ठोकलेलं हुतं ना. ठोकलं की खालचं स्टील दबतं. आपण वरचं खरडून काढतो, दबलेलं तसंच ऱ्हातं खाली. ॲसिड दबलेल्या जागेला आधी खातं. आम्ही त्याला वैतागायचो. नाव घालवलं तरी परत यायचं म्हणून पुढं जुनी भांडी कधी ॲसिडात घातली न्हाईत."

"पप्पा. हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"आत्ता आठवलं. तुला काय वाटलं, मी मजा बघायलो?"

फळीवर वेल्डिंगचे डाग काढायची ॲसिडची बरणी होती. रबरी हातमोजे, काडीला कापूस. केरबांचा उजवा हात थरथरत होता म्हणून काडी संघप्रियानं धरली आणि तिचं मनगट केरबांनी डाव्या हातानं. शटर पूर्ण वर केलं, पंखा बाहेरच्या बाजूला फिरवला.

एकदा लावलं. काही नाही.

पुसलं. परत लावलं. काही नाही.

"दम धर. अनसूयाबाईलाबी येळ लागला हुता."

चौथ्यांदा पुसल्यावर आरशासारख्या कोपऱ्यात एक राखाडी रेघ दिसली. सरळ, खाली बारीक वळण. मग तिच्या शेजारी एक उभी आणि तिच्यावर आडवी. खोल नव्हती. बोट फिरवलं तर लागत नव्हती. काचेवर श्वास सोडल्यावर दिसतं तेवढीच.

चंपाबाईंनी चष्मा लावून वाकून पाहिलं. "हात चांगलाय," त्या म्हणाल्या. "टीची रेघ एका दमात ठोकलीय. घाई न्हाई केली बाबानं."

*

नीरज सहा वाजता पोचला. जितेशभाईही आले, कारण नीरजची गाडी दिसली की ते येतातच.

नीरजनं ग्रिलचं तोंड पाहिलंच नाही. सरळ मागं गेला, गुडघ्यावर बसला, मोबाईलचा टॉर्च लावला. बराच वेळ टॉर्च हलला नाही.

"पूर्वीसारखी नाहीत," संघप्रिया म्हणाली. "मी घालवली होती. पप्पांनी वर आणली. एवढीच आली."

"मालकांना मी जसंच्या तसं सांगणार आहे," नीरज म्हणाला. "ते चिडतील. त्यांचा हक्क आहे. किंमत कमी करा म्हणतील, तेही ऐकावं लागेल."

"हो."

"आणि सोमवारी टेम्पो पाठवतो. दोन बंपर आहेत. त्यांच्या आत काय लिहिलंय, ते आधी दोघं मिळून बघू."

केरबांनी भिंतीकडं जाऊन खडू उचलला. डाव्या हातानं, वाकडंतिकडं : सहा. आतून घासायच्या आधी विचारायचं.

जितेशभाई नीरजला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलले, पण गाळा दहा बाय पंधराचा आहे, सगळ्यांना ऐकू आलं. "एक सांगा हां. अक्षरं तर आली ना परत. ही पोरगी गप्प बसली असती, तर तुम्हाला काय समजणार होतं? तिनं आत्ता कशाला सांगितलं?"

"आत्ता नाही सांगितलं," नीरज म्हणाला.

"मग?"

नीरजनं ग्रिलचं एक टोक उचललं, दुसरं संघप्रियानं. टेम्पोत गोधडी अंथरलेली होती. चंपाबाई मागून ओरडल्या, "सावकाश, सपाट करू नका!" जितेशभाईंनी खिशातून फोन काढला आणि पार्सलवाल्याला नाही सांगायला त्याचा नंबर शोधायला लागले.

संघप्रियानं नीरजला फोन केला तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. केरबांनी ॲसिडची बरणी उघडली ती साडेतीनला.