गनीभाईंच्या कॉम्प्युटरवरची फवारणी

बारा टक्के.

धाड गावच्या बाजारात अब्दुल गनींचं अर्ज भरायचं दुकान. बोंडअळीनं खाल्लेल्या कपाशीच्या भरपाईचे अर्ज पाठवायचा आज शेवटचा दिवस. पाच वाजता साइट बंद. रांगेत नऊ माणसं आणि पडद्यावर गोल फिरतंय.

फिरतंय.

"गनीभाई, म्हातारं झालं हो हे," पहिल्या नंबरचा निवृत्ती म्हणाला. "अकरा वर्सं झाली. भंगारात द्या त्याले."

"मशीन का माणूस हाय, गुडघे धराले?" गनी म्हणाले खरे, पण नजर घड्याळाकडं गेली. आज हे अर्ज अडकले, तर उद्यापासून आपल्या पायरीवर कोण चढणार?

तेरा टक्के. एका टक्क्यात निवृत्तीचं पान खाऊन झालं.

मलिहा, त्यांची लेक, बुलढाण्याला कॉलेजात. डबा घेऊन आली होती. ती खुर्चीवर बसली, कसलीशी यादी उघडली आणि हसू दाबत म्हणाली, "अब्बा, अँटिव्हायरस तीन तीन?"

"एकानं नाही मेला किडा, तर दुसऱ्यानं मरंल. कपाशीवर काय करतो आपण? तीन औषधं, एक पंप."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनीच तेच केलं होतं.

"इथं ते तिघं एकमेकांनाच किडा समजून राह्यले, अब्बा. दिवसभर एकमेकांच्या मागं."

रांग हसली. गनीही हसले, जरा उशिरा.

तिनं दोन काढले. मग कुंडलीच्या प्रोग्रामवर बोट ठेवलं.

"तो नको!" गनी दचकले. "शैलजाबाईंसाठी टाकला तो. उद्या त्या आल्या तर?"

गनींनी गिऱ्हाइकाला कधी नाही म्हटलं नव्हतं. ज्यानं जे मागितलं ते त्यात टाकलं. काढलं काहीच नाही. लग्नपत्रिकेची अक्षरं, नमाजाच्या वेळा, जमीन मोजायचं काहीतरी, सगळं सकाळी मशीन लावलं की एकदमच जागं व्हायचं.

"राहू द्या ना. फक्त बोलावल्याशिवाय उठायचं नाही, एवढं सांगते त्यांना."

बंद. चालू.

"म्हंजे म्हातारपण नव्हतंच?" निवृत्तीनं विचारलं.

"थोडं आहे, काका. साइटी जड झाल्या, हे तेवढंच राह्यलं. पण जास्त ओझं अब्बांचंच."

चाळीस. सत्तर. गेला!

दुसरा गेला. चौथा गेला. सातव्याला चहा सांगितला, तो यायच्या आत त्याचा अर्जही गेला.

पाचाला वीस कमी असताना शेवटची तानुबाई. तिनं अंगठा टेकवला आणि प्रिंटरनं पावती टाकली. तिनं ती उलटसुलट पाहिली.

"एवढ्यात झालं? निवृत्तीले तर अर्धा घंटा लागला."

"झालं, मावशी."

"नीट गेलं ना, भाऊ? का घाईघाईत अर्धंच?"

गनींनी तिच्यासाठी स्टूल ओढलं, अर्ज पुन्हा उघडला आणि नाव, गट नंबर, कपाशी, दोन एकर, असं एकेक ओळ सावकाश मोठ्यानं वाचू लागले.